चेहऱ्यावरचे वय

जन्मतारखेवरून मोजले जाणारे वय सर्वांचे एकाच गतीने वाढते, परंतु चेहऱ्यावरून ओळखले जाणारे वय त्याच्या बरोबरीने चालेलच असे नाही. म्हणूनच एकाच वर्षी शाळेत नाव घातलेल्या आणि आता पन्नाशीला टेकलेल्या माणसांपैकी कोणी चाळिशीतले वाटतात, तर कोणी साठी उलटल्यासारखे थोराड दिसतात. या दुसऱ्या वयाला संशोधनाच्या भाषेत भासमान वय म्हटले जाते. एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र अनोळखी लोकांना दाखवावे, तिच्याविषयी काहीही न सांगता वय किती असेल असे विचारावे आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढावी, म्हणजे हे वय मिळते. एकट्यादुकट्याचा अंदाज पाच-सहा वर्षांनी सहज चुकतो. शिवाय तरुणांचे वय थोडे जास्त आणि वृद्धांचे थोडे कमी धरण्याकडे बघणाऱ्यांचा कल असतो, आणि स्वतःच्या वयोगटातल्या माणसांचे वय ज्याला त्याला अधिक बरोबर ओळखता येते. अनेकांच्या उत्तरांची सरासरी घेतली की यातल्या बऱ्याच वैयक्तिक चुका एकमेकींना छेद देतात आणि हाती येणारा आकडा विश्वसनीय ठरतो. हा विषय एरवी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींच्या हवाली केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण तो मुळात आरोग्याचा आणि श्रमाचा विषय आहे, आणि काही प्रसंगी तर न्यायाचाही.

भासमान वयाला किती वजन द्यावे, याचे उत्तर डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासाने दिले. कोरे क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सत्तरी गाठलेल्या व ओलांडलेल्या १,८२६ जुळ्यांची छायाचित्रे घेतली आणि ती तीन वेगवेगळ्या गटांना दाखवली: वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, शिक्षकी पेशाचे शिक्षण घेणारे तरुण आणि स्वतः वृद्ध असलेल्या स्त्रिया. जानेवारी २००८ पर्यंत या जुळ्यांपैकी ६७५ जण मरण पावले होते. नोंदी ताडून पाहता असे दिसले की, खरे वय, लिंग आणि बालपणीची परिस्थिती यांचा हिशेब वजा केल्यानंतरही जी माणसे थोराड दिसत होती त्यांचे मृत्यूचे प्रमाण अधिक होते; एकाच जोडीतील दोघांच्या दिसण्यात जितका फरक अधिक, तितकी थोराड दिसणारे भावंड आधी जाण्याची शक्यता अधिक होती. अंदाज कोणत्या गटाने केला यामुळे निष्कर्षात फरक पडला नाही. म्हणजे शुश्रूषेचा अनुभव असलेल्या परिचारिकेला चेहऱ्यात जे दिसत होते ते विशीतल्या मुलांनाही दिसत होते, आणि ते शरीराच्या आतील झिजेशी जोडलेले होते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने हीच गोष्ट तरुण वयात दाखवून दिली. ही मंडळी ३८ वर्षांची असताना त्यांचे मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे, दात, रक्तातील मेद, डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अशा अनेक गोष्टींची मोजमापे घेण्यात आली आणि त्यांतल्या काहींवरून प्रत्येकाचे जैविक वय, म्हणजे शरीर प्रत्यक्षात किती झिजले आहे हे सांगणारे वय, काढण्यात आले. सर्वजण एकाच वयाचे असूनही हे आकडे तिशीच्या आतून निघून थेट साठीपर्यंत पसरलेले होते, आणि ज्यांचे शरीर लवकर झिजत होते ते छायाचित्रांतही अनोळखी विद्यार्थ्यांना थोराड वाटले. पुढे पंचेचाळिशीत त्यांची चालण्याची गती मोजली गेली, तेव्हा सावकाश चालणाऱ्यांचे चेहरेही अधिक वयस्क दिसत असल्याचे आढळले. २०२५ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या संशोधकांनी चेहऱ्याच्या छायाचित्रावरून वय सांगणारी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या हिशेबाने कर्करोगाचे रुग्ण त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी पाच वर्षांनी मोठे दिसत होते. गावातले जुने डॉक्टर रुग्ण दारातून आत येत असतानाच त्याच्याकडे बारकाईने पाहून घेत, त्या सवयीत किती तथ्य होते हे आता असे मोजून कळू लागले आहे.

बघणारा नेमके काय पाहून वय ठरवतो, याचाही बराच उलगडा झाला आहे. सुरकुत्या हे सर्वांच्या ध्यानात येणारे चिन्ह असले तरी ते एकमेव नाही. त्वचेचा रंग सर्वत्र सारखा आहे की ठिकठिकाणी गडद-फिकट झाला आहे याचा अंदाजावर मोठा परिणाम होतो. चेहऱ्याची ठेवण आणि सुरकुत्या तशाच ठेवून संगणकावर केवळ रंगाचा सारखेपणा बदलला, तरी त्या चेहऱ्याचे वय बघणाऱ्यांना बदललेले वाटते. रिचर्ड रसेल आणि ओरेली पोर्शरॉन यांनी २०१३ साली आणखी एक खूण दाखवून दिली. ओठ, भुवया आणि डोळे यांचा रंग भोवतीच्या त्वचेहून जितका उठून दिसतो तितका चेहरा तरुण भासतो, आणि वयानुसार हा उठाव मंदावत जातो. नंतर वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरही हेच आढळले. काजळ आणि ओठांचा रंग ही प्रसाधने इतक्या वेगवेगळ्या समाजांत टिकून का राहिली, याचे एक कारण यात सापडू शकते. हसण्याच्या बाबतीत मात्र लोकसमजूत उलटी ठरली आहे: हसरा चेहरा तरुण दिसतो असे लोक सांगतात, पण प्रत्यक्ष प्रयोगात हसऱ्या छायाचित्रातील व्यक्तीला गंभीर छायाचित्रापेक्षा मोठे वय मिळते, कारण हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या घड्या नजर टिपतेच. त्यामुळे कोणी हसू आवरावे असे मात्र अजिबात नाही.

थोराड दिसणे वंशपरंपरेने येते की परिस्थितीने, या प्रश्नाचे सरळ एका बाजूचे उत्तर नाही. डॅनिश जुळ्या स्त्रियांच्या २००९ च्या एका अभ्यासात भासमान वय, सुरकुत्या आणि उन्हाचे डाग यांवर आनुवंशिकता व परिस्थिती यांचा प्रभाव जवळपास सारखा आढळला, तर केस पिकणे, कपाळावरून केस मागे हटणे आणि ओठांची जाडी ही प्रामुख्याने आईबापांकडून आलेली होती. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या वृद्धांची जनुके तपासली असता त्वचेचा व केसांचा रंग ठरवण्यात भाग घेणाऱ्या एमसीवनआर नावाच्या जनुकाची काही रूपे असणारी माणसे सरासरी दोन वर्षांपर्यंत मोठी दिसत असल्याचे २०१६ साली जाहीर झाले. जनुकांचा वाटा खरा आहे, पण तो कोणाच्या हातचा नाही. उरलेल्या निम्म्या वाट्याकडे लक्ष देणे अधिक अगत्याचे, आणि त्या वाट्यात सूर्याचा हिस्सा सर्वांत मोठा आहे.

उन्हाने काय होते हे पाहण्यासाठी पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही व्यक्तीच्या दंडाची आतली बाजू आणि तिच्याच पंजाची मागची बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडची त्वचा एकाच दिवशी जन्मलेली असते. दंडाच्या आतली त्वचा मऊ, एकरंगी आणि बारीक रेघांची असते. पंजावरची त्वचा जाड किंवा उलट कागदासारखी पातळ, ठिपक्यांनी भरलेली आणि चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश जागेवर जाणारी असते. पहिल्या ठिकाणी जे घडले ते निव्वळ वयाने घडलेले वार्धक्य, आणि दुसऱ्या ठिकाणी त्यावर उन्हाने चढवलेली भर. शेतात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मानेच्या मागे तर खोल चरांनी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी पडलेल्या दिसतात आणि सदऱ्याच्या आतली, चार बोटे खालची त्वचा गुळगुळीत असते.

यामागची प्रक्रिया अशी आहे. त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली अंतस्त्वचा असते आणि तिला ताठपणा देणारे कोलॅजन व लवचिकपणा देणारे इलॅस्टिन ही प्रथिने तंतूंच्या रूपाने तिच्यात विणलेली असतात. नव्या बाजेची नवार ताणलेली असावी तशी ही वीण तरुणपणी घट्ट असते. सूर्यप्रकाशातून जमिनीपर्यंत पोचणारे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण दोन प्रकारचे असतात. आखूड लहरींचे 'बी' किरण वरच्या थरात अडतात आणि त्वचा भाजल्यासारखी लाल करतात. लांब लहरींचे 'ए' किरण थेट अंतस्त्वचेपर्यंत उतरतात, भाजल्याची कोणतीही जाणीव करून देत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळी व ढगाळ हवेतही पोचतात. या किरणांमुळे पेशींमध्ये कोलॅजन तोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, अधिक प्रमाणात तयार होतात, नवे कोलॅजन बनण्याची गती मंदावते आणि इलॅस्टिनचे निरुपयोगी गुंते साचत जातात. साधी काच 'बी' किरण अडवते, पण 'ए' किरणांना बरीचशी वाट देते. अमेरिकेत २८ वर्षे मालमोटार चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, ते याच कारणाने जगभर गाजले: खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल चर आणि गाठी होत्या, तर उजवा गाल कितीतरी वर्षांनी लहान दिसत होता. भारतात चालक उजवीकडे बसत असल्यामुळे त्याचा उजवा गाल खिडकीकडे असतो.

या बाबतीत सावळ्या व गव्हाळ त्वचेचे गणित गोऱ्या त्वचेपेक्षा वेगळे आहे, आणि परदेशी मासिकांतून उचललेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे रंजकद्रव्य अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे गडद त्वचेवर सुरकुत्या उशिरा उमटतात. पण तेच मेलॅनिन उन्हाच्या चेतावणीने एका जागी जास्त व दुसऱ्या जागी कमी बनू लागले की गालांवर वांग येतो, कपाळ व कानशिले काळवंडतात आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळे धरतात. गरोदरपणात स्त्रियांना वांग येतो त्यात संप्रेरकांचा, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या संदेशवाहक द्रव्यांचा, मोठा हात असला तरी ऊन तो गडद करते. रंगाच्या सारखेपणाला बघणारा किती महत्त्व देतो हे वर आलेच आहे. म्हणून मराठी चेहरा आधी रापून थोराड दिसतो आणि सुरकुत्या त्याच्या मागून येतात.

उन्हापासून बचाव केल्याने खरोखर फरक पडतो याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या नॅम्बूर या गावी मिळाला. तेथे १९९२ ते १९९६ या काळात काही लोकांना दररोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले गेले आणि बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले गेले. पंचावन्न वर्षांखालील ९०३ जणांच्या पंजामागील त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली असता, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची मोजता येण्याजोगी वाढ झाली नव्हती. त्याच प्रयोगात दिलेल्या बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांचा मात्र काही उपयोग दिसला नाही, ही गोष्ट त्वचा तरुण ठेवण्याच्या गोळ्यांवर पैसे घालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच ठिकाणी एका मोठ्या अपायाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वांग घालवण्यासाठी आणि उजळ दिसण्यासाठी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड असलेली मलमे गावोगावी सर्रास चेहऱ्याला लावली जातात. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरोखर उजळल्यासारखा वाटतो, पण स्टिरॉइडमुळे त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात, पुटकुळ्या व केस उगवतात आणि मलम बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले आहे आणि त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली अशी कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घालण्यात आले. बंधन कागदावर आले, पण ही मलमे आजही मागितली की मिळतात.

तंबाखूचा परिणाम उन्हाच्या खालोखाल येतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाच्या गावी दर वर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. तेथे जमलेल्या एकसारख्या जुळ्यांचे, म्हणजे एकाच बीजांडापासून झालेल्या आणि जनुके सारखी असलेल्या भावंडांचे, चेहरे शल्यविशारदांनी तपासले, तेव्हा धूम्रपान करणारे भावंड डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांभोवतीच्या रेघा आणि लोंबणारे गाल यांवरून ओळखू येत होते. धुराने त्वचेच्या केशवाहिन्या आकसतात आणि तिचा रक्तपुरवठा घटतो. महाराष्ट्रात मात्र तंबाखूचे जे रूप चेहऱ्यावर सर्वाधिक बेतते ते बिडी-सिगारेटचे नसून मिश्रीचे आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड ग्रामीण स्त्रिया दिवसातून अनेकदा दातांना लावतात. तिने हिरड्या दातांवरून उतरतात, दात हलू लागतात आणि चाळिशीतच एकेक करून काढावे लागतात. दात गेला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड विरघळू लागते, कारण चावण्याचा दाब नसेल तर शरीर ते हाड राखत नाही. दाढा गेल्या की गाल आत बसतात, पुढचे दात गेले की ओठाचा आधार जातो, आणि सगळेच गेले की तोंड मिटताना हनुवटी नाकाकडे वर सरकते. बोळक्या तोंडाची बाई पंचेचाळीस वर्षांची असली तरी बघणाऱ्याला म्हातारी वाटते. गुटखा व सुपारीने गालांच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते, आणि पंचविशीतल्या तरुणांचे चेहरेही खप्पड होतात, ते वेगळेच.

दात शाबूत असले तरी कवटीही वयानुसार बदलतेच. निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन ताडून पाहता डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे हटतो आणि खालच्या जबड्याचा कोन उघडतो असे दिसले आहे. हाडांचा आधार कमी झाला आणि गालांतले मेदाचे कप्पे आटले की वरची त्वचा तेवढीच राहूनही सैल पडते. म्हणूनच चाळिशीपर्यंत अंगाने भरलेले भावंड थोराड दिसते, पण त्यानंतर बारीक भावंड अधिक वयस्क दिसू लागते, असे ओहायोच्या जुळ्यांत आढळले. डेन्मार्कच्या आणखी एका अभ्यासातही कृशतेची सांगड थोराड दिसण्याशी बसली, आणि स्त्रियांच्या बाबतीत खालच्या सामाजिक स्तराचीही.

केसांचा विषय लोकांच्या तोंडी सर्वाधिक असला तरी त्यात माणसाच्या हाती असलेले सर्वांत कमी आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशींपासून रंग तयार करणाऱ्या पेशी बनतात, आणि हा साठा संपला की केस पांढराच उगवतो. आशियाई लोकांत हे सर्वसाधारणपणे तिशीच्या उत्तरार्धात सुरू होते. पंचविशीच्या आत झाले तर त्याला अकाली म्हणतात, आयुर्वेदात त्यास पालित्य असे नाव आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार ही त्याची तपासून घेण्याजोगी कारणे आहेत. चिंतेने केस पिकतात ही जुनी समजूत हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांवर खरी करून दाखवली: तीव्र ताणात मज्जातंतूंतून सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनने त्या मूलपेशींचा साठा भराभर खर्ची पडत होता. पांढरे झाकण्याच्या घाईत वापरली जाणारी काळी मेंदी आणि स्वस्त रंग यांत पीपीडी नावाचे रसायन असते व अनेकांना त्याची अॅलर्जी येते. मग कपाळ आणि गाल काळपट पडतात, आणि तरुण दिसण्यासाठी केलेला उपाय उलटा लागू पडतो.

शरीरातली साखर आणि संप्रेरके हीही चेहऱ्यावर उमटतात. नेदरलँड्समधील लायडनच्या अभ्यासात रक्तातील साखर दर १ मिलिमोलने, म्हणजे आपल्याकडच्या मोजमापात सुमारे १८ मिलिग्रॅमने, वाढली की भासमान वय जवळपास पाच महिन्यांनी वाढलेले दिसले; जादा साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांना कडक व ठिसूळ करते. स्त्रियांच्या बाबतीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्वचेची जाडी आणि हाडांची घनता राखते, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे तीस टक्क्यांनी घटते असे मानले जाते. हे पन्नाशीच्या आसपास घडणे निसर्गक्रम आहे. बीड जिल्ह्यात मात्र तो क्रमच मोडला गेला. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते. ते ठेवले तरी पाळी थांबण्याचा काळ अनेकदा अलीकडे सरकतो. पहाटेपासून उसाच्या फडात कोयता चालवणारी, मुकादमाची उचल फेडण्यासाठी आजारपणातही खाडा करू न शकणारी, पाचट आणि उन्हात रापलेली, अपुऱ्या अन्नावर सहा महिने कोपीत राहणारी ही स्त्री पस्तिशीत पन्नाशीची दिसते, यात तिच्या निष्काळजीपणाचा भाग कोठेच नाही. ऊन, कृशता, दात, तंबाखू, ताण आणि संप्रेरके ही येथवर एकेक करून आलेली सारी कारणे तिच्या एका देहात एकवटलेली असतात, आणि सनस्क्रीनची बाटली तिला परवडण्याजोगी नसते.

गरिबीचा बालवयातला परिणाम मात्र याच्या उलट दिशेने होतो, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, होती. अशा मुलाची उंची पुढे पूर्णपणे भरून निघत नाही, वयात येणेही लांबते, आवाज उशिरा फुटतो, मिसरूड उशिरा फुटते, आणि चौदा वर्षांचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा दिसतो. ज्या घरात आई वयापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी दिसते त्याच घरात मुलगा वयापेक्षा तीन वर्षांनी लहान दिसतो, आणि दोन्हींमागे उपासमारच असते.

असा मुलगा चौकशीसाठी उभा केला जातो तेव्हा दिसण्याला कायद्याचे महत्त्व येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार, समोर आणलेली व्यक्ती बालक आहे हे तिच्या दिसण्यावरूनच उघड असेल, तर बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाने अंदाजे वय नोंदवून पुढील चौकशी सुरू करावयाची असते. शंका असेल तर आधी शाळेचा अथवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसल्यास पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास हाडांची तपासणी असा क्रम आहे. नजरेवर विसंबण्यातला धोका अमेरिकेतील एका संशोधनाने २०१४ साली दाखवून दिला: गुन्ह्याचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे वय बघणाऱ्यांनी, पोलिसांसह, सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरले. तेव्हा वयाचा अंदाज बघणाऱ्याच्या पूर्वग्रहावरही ठरतो, आणि तो तुरुंग व बालगृह यांमधला फरक ठरू शकतो. हाडांच्या तपासणीत मनगट, कोपर, खांदा व कमरेच्या हाडांची टोके मुख्य हाडाशी कितपत सांधली गेली आहेत हे क्ष-किरण चित्रावर पाहतात. या पद्धतीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नमूद केले आहे. जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिक आणि पाइल यांचा मनगटाच्या चित्रांचा संग्रह तर ओहायोतील क्लीव्हलँड शहरातल्या, १९३० च्या दशकातील खाऊनपिऊन सुखी घरांच्या मुलांवरून तयार झाला आहे. कुपोषित मुलाची हाडे उशिरा सांधतात, त्यामुळे क्ष-किरणातही तो लहानच भरतो.

प्रौढ माणसाच्या बाबतीत हीही सोय उरत नाही, कारण पंचविशीच्या सुमारास हाडांची टोके सांधली गेल्यावर या तपासणीतून नेमके वय सांगता येत नाही. राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वयाची पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यासाठी जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील उतारा चालतो, आणि यांपैकी काही नसल्यास सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला धरला जातो. जन्माची नोंद कधी झालीच नाही, शाळेचे तोंड पाहिले नाही आणि मतदार यादीतही अंदाजानेच वय लागले, अशी बाई दाखल्यासाठी रुग्णालयात येते तेव्हा अधिकाऱ्यासमोर तिचे दात, केस, त्वचा, मोतीबिंदू आणि पाठीचा बाक एवढेच असते. मुलांची वये, दुष्काळाची वर्षे आणि गावातल्या ठळक घटना यांच्याशी तिचे लग्न व बाळंतपणे जुळवून पाहण्याची पद्धत जनगणनेचे प्रगणक वापरत आले आहेत. तीत वेळ अधिक जातो, पण चेहऱ्यापेक्षा ती अधिक विश्वासार्ह आहे, आणि दाखल्याच्या अर्जात तिच्यासाठी चार ओळींची जागा ठेवणे फार अवघड नाही.